हत्ती आणि उंदीर एकाच मापाचे

बसा रे सगळे नीट, धाकटीला जरा पुढे येऊ द्या. आज एका फोटोग्राफरची आणि त्याच्या गिऱ्हाइकांची गोष्ट. लग्न ठरलं तेव्हा तुमच्या आत्याचा स्टुडिओत जाऊन फोटो काढला होता, आठवतंय? मागे एकरंगी पडदा, दोन्ही बाजूंना छत्र्या लावलेले दिवे, आणि ‘मान जरा उजवीकडे, हनुवटी वर’ म्हणणारा तो फोटोग्राफर. हा गडीही तस्साच फोटो काढतो. फक्त त्याच्या पडद्यासमोर कधी वाघ उभा असतो, कधी बेडूक, कधी भुंगेरा, कधी गेंडा.

त्याचं नाव जोएल सार्टोरी. राहणारा अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या लिंकन गावचा. ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकासाठी तो देशोदेशी हिंडायचा, घरी कमी आणि रानात जास्त. २००५ साली त्याच्या बायकोला, कॅथीला, स्तनाचा कर्करोग झाला. तीन मुलं लहान. त्यानं फिरणं थांबवलं आणि घर धरलं. उपचार चालू होते, कॅथीला विश्रांती हवी असायची, आणि जन्मभर कॅमेरा घेऊन फिरलेल्या माणसाला रिकामं बसवेना. घराजवळच मुलांचं एक छोटं प्राणिसंग्रहालय होतं. तिथं जाऊन त्यानं विचारलं, ‘तुमच्याकडच्या एखाद्या प्राण्याचा फोटो काढू का? कुठलाही द्या, फक्त जरा एका जागी थांबणारा द्या.’ मग प्राण्यांचं खाणं जिथं तयार व्हायचं त्या खोलीतली चिरायची पांढरी पाटी त्यानं मागून घेतली, आणि त्या पाटीवर पहिलं गिऱ्हाईक येऊन बसलं: नेकेड मोल रॅट नावाचा बोडका उंदीर.

‘ई! अंगावर केसच नाहीत?’

जवळजवळ नाहीतच, म्हणून तर नाव नेकेड. गुलाबी, सुरकुतलेली कातडी, मिचमिचे डोळे, आणि तोंडाबाहेर आलेले चार मोठे दात. पण तोंड वाकडं करायच्या आधी ते दात नीट बघा. ते ओठांच्या बाहेर आहेत. ओठ मिटतात ते दातांच्या मागे! हा प्राणी पूर्व आफ्रिकेत, इथिओपिया, केनिया, सोमालियाच्या कोरड्या जमिनीत दातांनी बोगदे खणतो. ओठ दातांच्या पुढे असते तर प्रत्येक घासाला तोंडात माती गेली असती. हे दात तो एकेक सुटा हलवू शकतो. बोगद्यात वळायला जागा नसते, म्हणून जितक्या वेगानं पुढे पळतो तितक्याच वेगानं उलटाही पळतो.

जमिनीखाली त्यांची सत्तर-ऐंशी जणांची वस्ती असते, कधी त्याहून कितीतरी मोठी. त्यात पिल्लं घालणारी मादी एकच. बाकीचे खणतात, कंदमुळं शोधतात, पिल्लं सांभाळतात, सापाला अडवतात. म्हणजे मधमाश्यांसारखी राणी, पण दूध पाजणाऱ्या प्राण्यांत! एवढ्या गर्दीत, हवा खेळत नाही अशा बोगद्यात राहून या उंदरानं श्वासाचंही वेगळंच गणित बसवलंय. २०१७ साली शास्त्रज्ञांना आढळलं, की अजिबात ऑक्सिजन नसलेल्या हवेत हा प्राणी अठरा मिनिटं तग धरतो आणि नंतर ठणठणीत बरा होतो. आपल्या शरीरात ऑक्सिजन संपला की ग्लुकोज जाळण्याची वाट तुंबते आणि मेंदू काही मिनिटांत मरायला लागतो. हा पठ्ठ्या अशा वेळी फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, दुसऱ्या वाटेनं वापरायला घेतो. आयुष्य म्हणाल, तर घरातला साधा उंदीर दोन-तीन वर्षांत म्हातारा होतो. हा तीस वर्षांच्या पुढे जातो.

आता मला सांगा, हा प्राणी बिळात असताना कोणी त्याच्याकडे बघितलं असतं? पांढऱ्या पाटीवर आला, बाजूला दुसरं काहीच उरलं नाही, म्हणून आपण त्याचे दात बघितले.

सार्टोरीच्या मनात नेमकं हेच बसलं. रानातल्या फोटोत हत्ती भव्य दिसतो, कारण शेजारी झाड असतं, माणूस असतो, डोंगर असतो. उंदीर चिमुकला दिसतो, कारण शेजारी गवताचं पातं असतं. ते सगळं काढून टाकून नुसता काळा नाहीतर पांढरा पडदा ठेवला, तर उंदीर आणि हत्ती कागदावर सारखीच जागा व्यापतात. दोघांचे डोळे आपल्या डोळ्यांसमोर, एकाच उंचीवर. कॅथी बरी झाली, तो पुन्हा हिंडायला लागला, पण आता एकच ध्यास: माणसाच्या देखरेखीखाली जगात जेवढ्या जातींचे प्राणी आहेत, त्या सगळ्यांचे असे फोटो काढायचे. नाव ठेवलं ‘फोटो आर्क’. बायबलात नोहाची नौका आहे, आपल्याकडे मत्स्यावताराच्या कथेत मनूची आहे. ही फोटोंची नौका. २०१९ साली तिच्यात दहा हजारावी जात चढली, चिलीतली गुइन्या नावाची इवलीशी रानमांजर. दोन-अडीच किलोचं वजन, सगळ्या अमेरिका खंडांत तिच्याहून लहान रानमांजर नाही.

‘पण आजोबा, वाघ फोटोसाठी बसतो कसा?’

बसत नाही, आणि त्याला कोणी बसवतही नाही. एक तर हे प्राणी रानातून ओढून आणलेले नसतात. प्राणिसंग्रहालयं, मत्स्यालयं, जखमी जनावरांची सोय करणारी केंद्रं, तिथंच राहणारे, माणसाची सवय असलेले. मोठ्या जनावराच्या खोलीची भिंत आधीच रंगवून ठेवतात किंवा पडदा लावतात, दिवे लावतात, आणि मग नेहमीच्या वेळी खाणं ठेवतात. जनावर आपल्या पायांनी खायला येतं. खाऊन होईपर्यंत फोटो निघालेले असतात. छोट्या प्राण्यांसाठी पांढऱ्या कापडाचा तंबू असतो. दिवे बाहेरून, कापडातून झिरपून येतो तो मऊ उजेड. एका फटीतून फक्त कॅमेऱ्याचं भिंग आत डोकावतं, त्यामुळे प्राण्याला माणूस दिसतच नाही. मासे असतील तर अरुंद काचेची टाकी. रोज देखभाल करणारा कीपर शेजारी उभा असतो. जनावर बिचकलं आणि तो ‘पुरे’ म्हणाला की पुरे. चिंपांझींसमोर कागदाचा पडदा लावावा, तर ते आधी तो पडदाच खेचून फाडतात! शेण, लाळ, पिसं, सांडलेलं खाणं, हे तर फोटोत येतंच. ते नंतर संगणकावर पुसून टाकतात.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गंमत सांगतो. ती उजेडाची आहे.

काळवीट तुम्ही पाहिलंय. पाठ गडद, पोट पांढरंशुभ्र. चिंकाराही तसाच, वरून तांबूस आणि खालून फिका. मासे बघा, वरून गडद, खालून रुपेरी. असं का? अमेरिकेत अॅबट थेयर नावाचा एक चित्रकार होता. शास्त्रज्ञ नव्हे, चित्रकार! चेंडू काढताना तो गोल दिसण्यासाठी एका बाजूला छाया द्यावी लागते, हे चित्रकाराला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. छाया दिली नाही तर तो चेंडू नुसतं वर्तुळ राहतो. रानात ऊन वरून पडतं. म्हणजे जनावराची पाठ उजळते, पोटाखाली सावली येते, आणि त्या सावलीवरूनच शिकाऱ्याच्या डोळ्याला कळतं की इथं काहीतरी गोल, भरीव, खाण्याजोगं उभं आहे. मग निसर्गानं काय केलं? जिथं उजेड जास्त तिथं गडद रंग दिला, जिथं सावली तिथं पांढरा. दोन्ही एकमेकांना खोडतात, गोलाई नाहीशी होते, आणि अख्खं हरीण गवतात सपाट होऊन मिसळून जातं. थेयरनं हे १८९६ साली लिहून ठेवलं.

आणि स्टुडिओत? तिथं दिवे बाजूंनी आणि समोरून येतात. लाखो वर्षांत वरच्या उन्हासाठी बेतलेलं सोंग बाजूच्या दिव्यापुढे चालत नाही. पोट लख्ख उजळतं, अंगाची गोलाई परत येते, बिबट्याच्या ज्या ठिपक्यांनी पानांच्या कवडशांत त्याची कड मोडून टाकली असती, ते पांढऱ्या पडद्यावर एकेक करून मोजता येतात. जनावराला रान जे लपवू देतं, ते पडदा दाखवतो. मला वाटतं, या फोटोंचं खरं शास्त्र इथं आहे.

आणि मग डोळे. या फोटोंत नजर पहिली जाते ती डोळ्यांवर, तिथंच थांबते. डोळ्याच्या मधल्या बाहुलीचा आकार बघत चला. मांजराची बाहुली उन्हात उभी, चिरेसारखी होते. बकरीची आडवी असते. वाघाची गोल. वाघ मांजराचाच भाऊबंद ना, मग त्याची उभी का नाही?

२०१५ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मार्टिन बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीवर राहणाऱ्या २१४ जातींच्या बाहुल्यांचा मेळ लावून बघितला. ज्यांना दुसरे खातात, त्या चरणाऱ्या प्राण्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आणि बाहुली बहुधा आडवी. आडव्या बाहुलीतून जमिनीलगतचं पुढचं-मागचं सगळं टिपता येतं, आणि डोक्यावरचं ऊन डोळ्यात कमी शिरतं. दबा धरून झडप घालणाऱ्या बुटक्या शिकाऱ्यांची बाहुली उभी. झडप घालायची तर अंतर अचूक कळायला हवं, आणि जमिनीजवळच्या डोळ्याला ते उभ्या चिरेतून चांगलं कळतं. वाघ-सिंह उंच, त्यांना त्याची गरज कमी, म्हणून त्यांची बाहुली गोल.

‘पण बकरी चरताना तोंड खाली घालते, मग तिची आडवी बाहुली उभी होईल की!’

शाब्बास, हाच प्रश्न त्या शास्त्रज्ञांनाही पडला होता. ते प्राणिसंग्रहालयात आणि गोठ्यांत जाऊन बसले आणि बघत राहिले. बकरीनं मान खाली घातली की तिचे डोळे खोबणीत फिरतात, पन्नास अंशांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त, आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते. शिवाय दोन्ही डोळे उलटसुलट दिशांना फिरतात. गावाला गेलात की गोठ्यात बसून बघा. पैसे पडत नाहीत, आणि बकरीची काही हरकत नसते.

आता गोष्टीचा जड भाग. थोरल्यांनी लक्ष द्या.

जनावराचा समोर उभा करून काढलेला फोटो ही काही सार्टोरीची पहिली कल्पना नव्हे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक क्वाग्गा मादी होती. क्वाग्गा म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला झेब्रा, पण पट्टे फक्त डोकं, मान आणि छातीपर्यंत. मागचं अंग नुसतं तपकिरी. १८६३ ते १८७० या वर्षांत तिचे फोटो काढले गेले. आज त्यातले पाच माहीत आहेत. जिवंत क्वाग्गाचे जगातले फोटो एवढेच, आणि तेही एकाच मादीचे. ती १८७२ साली मेली. रानातले क्वाग्गा गोळ्या घालून घालून संपवले गेले होते. १२ ऑगस्ट १८८३ रोजी अॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात आणखी एक क्वाग्गा मेली, आणि ती शेवटची होती हे त्या दिवशी कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

सार्टोरीच्या नौकेतही असे प्रवासी आहेत. चेक प्रजासत्ताकातल्या द्वूर क्रालोवे गावी नाबिरे नावाची उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याची मादी होती. २०१५ च्या जुलैत त्यानं तिचा फोटो काढला आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला ती गेली. या गेंड्यांतला शेवटचा नर, सुदान, २०१८ साली केनियात गेला. आता उरल्यात दोघी, नाजिन आणि फातू, मायलेकी.

आणि एक बेडूक. त्याचं नाव टफी. त्याला सांभाळणाऱ्या माणसाच्या छोट्या मुलानं ठेवलेलं. हा पनामाच्या डोंगरांतला, झाडांच्या शेंड्यांवर राहणारा बेडूक. बोटांमध्ये एवढा मोठा पडदा, की उंच फांदीवरून उडी टाकायची, चारही पंजे पसरायचे आणि तरंगत खाली यायचं. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. या जातीची मादी झाडाच्या ढोलीत साठलेल्या पाण्याच्या काठाशी अंडी घालते आणि निघून जाते. राहतो बाप. अंड्यांतून पिल्लं निघाली की तो त्या पाण्यात बसतो, आणि पिल्लं त्याच्या पाठीची कातडी कुरतडून खातात. बाप स्वतःची कातडी खाऊ घालून पोरं वाढवतो! बेडकांत असं दुसरं उदाहरण तेव्हा कोणी पाहिलेलं नव्हतं.

२००५ साली त्या डोंगरांकडे एक बुरशी सरकत होती, कायट्रिड नावाची. ती बेडकाच्या कातडीत वाढते. आपल्याला वाटेल, कातडीला बुरशी म्हणजे खाज सुटेल, दुसरं काय? पण बेडूक कातडीनंच पाणी पितो, कातडीनंच अंगातल्या क्षारांचा तोल सांभाळतो. कातडी बिघडली की रक्तातलं सोडियम-पोटॅशियम घटतं आणि हृदय थांबतं. बुरशी पोचण्याआधी शास्त्रज्ञांनी धावत जाऊन जमतील तेवढे बेडूक गोळा केले. त्यांतला एक टफी. या जातीला शास्त्रीय नाव मिळालं २००८ मध्ये, तोवर तिथलं रान तिच्यापुरतं रिकामं झालं होतं. अमेरिकेतल्या अटलांटाच्या वनस्पती उद्यानात टफी एकटा राहिला. २०१४ साली तो ओरडायला लागला, मादीला बोलावण्याची हाक. सांभाळणाऱ्यानं ती ध्वनिमुद्रित करून ठेवली. उत्तर द्यायला जगात कोणी नव्हतं. २६ सप्टेंबर २०१६ रोजी टफी मेला. सार्टोरीच्या फोटोत तो तपकिरी, खरबरीत, मोठ्या डोळ्यांनी सरळ बघतोय.

रडू नकोस गं. सगळ्याच फोटोंची गोष्ट अशी संपत नाही.

फ्लोरिडातल्या कोरड्या माळांवर एक चिमणी राहते, फ्लोरिडा ग्रासहॉपर स्पॅरो. तिचं गाणं टोळाच्या किरकिरीसारखं, म्हणून हे नाव. ना रंग, ना तुरा. कोणाचं लक्ष जावं असं तिच्यात काही नाही, आणि ती संपत चालली होती. सार्टोरीनं तिचा फोटो काढला, तो ‘ऑड्युबॉन’ मासिकाच्या मुखपृष्ठावर आला. तो सांगतो, की त्यानंतर तिच्यासाठी सरकारी पैसा बऱ्यापैकी मोकळा झाला. माणसांच्या देखरेखीखाली तिची पिल्लं वाढवायला सुरुवात झाली, आणि २०१९ साली ती पहिल्यांदा माळावर सोडली.

माळ म्हटलं की मला सोलापूरजवळचं नान्नज आठवतं. तिथलं अभयारण्य माळढोकासाठी केलेलं. आता माळढोक दिसला तर बातमी होते. सगळ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास उरले असतील. तो का मरतो, याचं एक कारण पुन्हा डोळ्यांत आहे. आफ्रिकेत कोरी नावाचा त्याचा भाऊबंद आहे, त्याच्या डोळ्यांचा अभ्यास झालाय. डोळे बाजूंना असल्यानं त्याला समोरचा अगदी चिंचोळा पट्टाच दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसतो, आणि उडता उडता जमीन न्याहाळायला त्यानं मान जराशी खाली केली की पुढचं दिसायचंच बंद होतं. पंधरा किलोपर्यंत वजनाचा पक्षी, पटकन वळता येत नाही, आणि समोर विजेच्या तारा. राजस्थानात आणि कच्छात कितीतरी माळढोक असेच तारांवर आपटून गेले. जैसलमेरजवळ सम इथं २०१९ पासून त्यांची अंडी उबवून पिल्लं वाढवतात. पिल्लं वाढतील, पण त्यांना सोडायचं ते माळावरच, आणि आपण माळाला पडीक जमीन म्हणतो. हे मला पटत नाही, तुम्हीही म्हणू नका.

‘आम्हालाही काढायचेत असे फोटो.’

काढा की! स्कॉटलंडचा नायल बेनवी आणि अमेरिकेचा क्ले बोल्ट या दोघांनी २००९ साली ‘मीट युअर नेबर्स’ नावाचं काम सुरू केलं. ते स्टुडिओच रानात नेतात: मागे दुधी रंगाचा अर्धपारदर्शक पत्रा, त्याच्या पाठीमागून फ्लॅश, पुढे घराजवळ सापडलेला किडा, पाकोळी, सरडा. फोटो झाला की जिथून घेतला तिथंच परत.

तुम्हाला एवढंही नको. पानावर बसलेल्या किड्यामागे एक कोरा पांढरा कागद धरा, सकाळच्या कोवळ्या उजेडात, त्याच्या डोळ्याच्या उंचीवर मोबाईल न्या आणि फोटो घ्या. पक्षी, साप, कासव, सरडे मात्र पकडायचे नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांतल्या बहुतेकांना पकडायला बंदी आहे, आणि घरटं तर हलवायचंच नाही. किडाही बरणीत भरायचा नाही. फोटो मोठ्यांच्या मदतीनं ‘आयनॅचरलिस्ट’वर टाका, तिथले जाणकार नाव सांगतात. आणि प्रत्येक फोटोखाली तारीख आणि गावाचं नाव लिहा. त्याशिवाय ती नोंद पुरी होत नाही.